एका घरात एक गुंफा

मांजराच्या पिलाला जुन्या वळणाचं नाव ठेवून मयुरीला काय मिळणार होतं, हे उत्तमरावांनी पहिल्याच संध्याकाळी ताडलं. सासू मिळणार होती. तीही धडधाकट, स्वतःच्या हातानं भाकरी थापणारी, नातीला न्हाऊमाखू घालणारी, पगार न मागणारी आणि न सांगता सुट्टी न मारणारी. पुण्यात अशी बाई शोधून सापडत नाही, आणि सापडली तर कामाला लागण्याआधी तीच घरमालकिणीची चौकशी करते. इथं मात्र नुसतं गोड बोलून भागणार होतं, आणि गोड बोलायला मांजराच्या पिलाइतकं स्वस्त निमित्त दुसरं कोणतं?

उत्तमराव अमडापूरच्या बाजारातले जुने अडते. शेतकऱ्याचं सोयाबीन, तूर, हरभरा आपल्या ओट्यावर उतरवून घ्यायचा, व्यापाऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि मधल्यामध्ये आपली अडत काढायची, यात त्यांचे केस पिकले. पोत्याच्या तोंडाशी दाणा कितीही टपोरा दिसो, त्यांचा हात कोपरापर्यंत आत जायचा आणि तळचा माल वर काढायचा. तीच सवय त्यांनी घरातही लावून घेतली होती. कोणी गोड बोललं की उत्तमरावांचा हात मनातल्या मनात कोपरापर्यंत. शेजारची कलाबाई दिवाळीचे अनारसे घेऊन आली तर पहिला तुकडा मोडायच्या आधी ते विचार करत, हिच्या जावयाला या खेपेला काय पाहिजे असेल? आणि पंचाईत अशी, की बहुतेक खेपेला जावयाला काही ना काही पाहिजेच असायचं. त्यामुळे सवय सुटायचं कारणच पडलं नाही.

दिवाळीला मुलगा देवानंद, सून मयुरी आणि तीन वर्षांची नात कियारा पुण्याहून आले. मयुरीच्या कंपनीनं इतके दिवस घरून काम करू दिलं होतं, आता रोज ऑफिसात या म्हणून कळवलं होतं. पाळणाघरात ठेवलं की कियारा आठवड्याला आजारी पडायची. एवढं देवानंदनं जेवताना सांगितलं आणि पुढं गप्प बसला. पुढं जे सांगितलं नाही ते उत्तमरावांनी ऐकलं. पाडव्याला मयुरीनं सासूच्या पायाला तेल चोळलं. ज्या देवानंदनं जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, त्यानं माठ भरून ठेवला. माल तोंडाशी फारच चकचकीत दिसत होता.

उत्तमरावांचं काय जाणार होतं, तेही त्यांना ठाऊक होतं. बायको जनकाबाई पुण्याला गेली की घरात ते एकटे. पुण्याला ते जाऊ शकत नव्हते, कारण सोयाबीनचा हंगाम होता, आणि हंगाम नसता तरी पुण्यात त्यांना बसायला ओटा कुठला? चाळीसेक वर्षांच्या संसारात एकट्यानं जेवायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. साखरेचा डबा कोणता आणि मिठाचा कोणता, हेसुद्धा त्यांना विचारावं लागे, आणि विचारायचं म्हणजे हाक कशी, तर ‘ऐकलं का.’ बायकोला नावानं हाक मारणं त्यांच्या घरात कोणी केलं नव्हतं. ते त्यांनीही केलं नाही.

पिल्लू सापडलं ते दुकानातच, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागं. राखाडी पट्ट्यांचं, मुठीत मावेल एवढं. कियारानं ते छातीशी धरलं ते सोडेचना. त्याच संध्याकाळी ओसरीवर मयुरीनं विषय काढला.

"आई, हिचं नाव एकदम जुन्या बायकांसारखं ठेवायचं हं. आता तीच फॅशन आहे. आमच्या सोसायटीत एक पामेरियन आहे, तिचं नाव यमुनाबाई."

उत्तमरावांनी चहा फुंकायचं थांबवलं. "मानसाच्या पोरीले दवाखान्याच्या पाटीसारखं नाव, अन् कुत्रीले यमुनाबाई?"

"बाबा, कियारा नाव खूप छान आहे."

"असंल. मले तर ते घेतानी दर खेपेले वाटते, कोनाले इंजेक्शन देऊन राह्यलो."

देवानंद हसला. मयुरी हसली नाही, पण रागावलीही नाही, आणि हेच उत्तमरावांना जास्त खटकलं. सासऱ्याच्या टोमण्यावर न रागावणारी सून काहीतरी घ्यायला आलेली असते.

त्यांचा अंदाज साधा होता. जनावराला नाव पडलं की माया पडते. बाजारात विकायच्या गोऱ्ह्याला शहाणा माणूस नाव ठेवत नाही तो त्याचसाठी. मांजरीला नाव पडणार, जनकाबाईचा जीव जडणार, मग ‘आई, हिला सोडून कशी राहील हो कियारा, आणि हिचं करणार कोण?’ की बसली गाडीत. म्हणजे नावच पडू द्यायचं नाही. आणि ते तर अगदी सोपं होतं, कारण अमडापुरात जुनं नाव म्हणाल तर प्रत्येकाला मालकीण होती.

मयुरी म्हणाली, "द्वारका?"

"कलाबाईची सासू. जिती हाय अजून. बाकी काही ऐकू येत नाही तिले, पन सोताचं नाव वेशीपासून ऐकू येते."

"अनुसया?"

"इंद्रभानची माय. आपली तूर कोन घेते? इंद्रभान. तिच्या नावानं मांजर पाळलं तर तो पुढच्या खेपेले पोत्यात मातीच पाह्यल."

"मग रुखमा?"

"पोस्टातल्या बाबूची बायको. तिचं तोंड मांजरीसारखंच हाय, तिले वाटंल मुद्दाम केलं."

"सुभद्रा तरी?"

"ते नाव या गल्लीत काढू नको. त्याच्यापायी दोन घरं बोलत नाहीत."

देवानंद म्हणाला, "बाबा, असं पाह्यलं तर एकही नाव उरत नाही."

"नाहीच उरत," उत्तमराव समाधानानं म्हणाले. "म्हून तर मनी म्हनतात लोक मांजरीले. मनी कोनाचीच सासू नसते."

जनकाबाई खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती. तशीच खाली मान घालून ती म्हणाली, "गुंफा ठेवा."

मयुरीनं टाळी वाजवली. "गुंफा! आई, काय सुंदर नाव आहे!" कियारा लगेच "गुंपा, गुंपा" करत पिलाच्या मागं पळाली. उत्तमरावांनी कप खाली ठेवला.

गुंफाबाई त्यांची आत्या. ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाच्या घरी परत आली आणि मरेपर्यंत इथंच राहिली. घराचा कणा म्हणा, नाहीतर घराच्या पाठीवरचं ओझं म्हणा. दोन्ही म्हणणारे लोक होते, फक्त दुसरं म्हणणारे हळू म्हणायचे. तिचा आवाज बाजाराच्या गलक्यातून ओळखू यायचा. जनकाबाई या घरात आली तेव्हापासून चुलीवर काय शिजायचं, किती शिजायचं, सुनेनं कोणत्या कुशीवर झोपायचं, हे आत्या ठरवायची. ती वारली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली होती.

तिचं नाव मांजरीला! आणि ते सुचवणार कोण, तर जनका, जिनं आत्यासमोर कधी ब्र काढला नाही.

"ते नाव नाही चालत," उत्तमराव म्हणाले.

"काऊन?" जनकाबाईनं विचारलं. "आत्याबाई तर आता कोनाची सासू नाही."

तिनं एक खडा वेचून अंगणात फेकला. उत्तमरावांना वाटलं, तो आपल्या दिशेनं आला.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात बसले खरे, पण डोकं घरी. शेजारच्या गाळ्यात गफ्फारभाईचं सुतळी-बारदान्याचं दुकान. दोघं बरोबरच म्हातारे झालेले. गिऱ्हाईक नसलं की एकाच ओट्यावर बसायचे.

"गफ्फार, तुले आमची गुंफाआत्या आठवते का?"

"आठवते का म्हंजे? तुया घराच्या पायरीवर अजून मी चप्पल काढून चढतो, ते कोनाच्या भेवानं?"

"घरच्यांनी मांजरीले तिचं नाव ठेवलं."

गफ्फारभाई आधी हसला, मग खोकला, मग खोकता खोकता पुन्हा हसला. "भाभीनं? वा! अबे, मंग बराबर हाय ना. आत्यानं भाभीले किती नाचवलं ते साऱ्या गल्लीनं पाह्यलं. आता भाभी आत्याले म्याव म्याव करायले लावून राह्यली. आत्या, इकडं ये. आत्या, खाली उतर. आत्या, दुधात तोंड नको घालू."

"थट्टा नको करू बे."

"थट्टा कुठची? तूच तं म्हनते, फुकट कोनी नमस्कार करत नाही. हा उलटा नमस्कार हाय."

सूड. हा हिशेब उत्तमरावांना पटला. सूड ही समजण्यासारखी गोष्ट आहे. तो कोणी का घेतो हे विचारावं लागत नाही. पण घरी येऊन पाहिलं तर जमा-खर्च जुळेना. जनकाबाई न्हाणीपाशी बसून वाटीत दूध ओतत होती, तेही सायीसकट. आणि वर म्हणत होती, "ये वं गुंफे. खाऊन घे माय. भूक लागली तरी सांगता येत नाही तुले. ये."

वैऱ्याच्या नावानं कोणी साय खाऊ घालत नाही. सूड असता तर तिनं पिलाला निदान एक टप्पल मारली असती, एखादं "मेले" म्हटलं असतं. नाव घेताना तिचा आवाज असा मऊ झाला होता, की तसा आवाज उत्तमरावांनी आपल्या बाबतीत कधी ऐकल्याचं त्यांना आठवेना. त्यामुळे त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

त्यात कलाबाई विरजण मागायला आली. अंगणातून तिनं ती हाक ऐकली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय वं जनका, घेतलं वाटते परत!"

मग तिला ओसरीवरचे उत्तमराव दिसले. तिनं पदर तोंडाला लावला. जनकाबाई म्हणाली, "गप बस वं," आणि दोघी आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला आणि त्याखाली हसण्याचा.

घेतलं परत! काय घेतलं? उत्तमरावांनी त्या दोन शब्दांवर दोन दिवस काढले. आत्याची एक पुतळ्यांची माळ होती. ती वारल्यावर सापडली नव्हती. तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की आत्यानं देवळात वाहिली असेल. आता उत्तमरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: माळ जनकानं ठेवून घेतली, कलाबाईला ते माहीत आहे, आणि आता माळ पुण्याला चालली सुनेच्या गळ्यात. मांजरीचं नाव म्हणजे दोघींची आपसातली खूण. एवढं सगळं इतकं चपखल बसलं, की आपल्या हुशारीचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

इकडं मयुरीनं सरळच विचारून टाकलं होतं. "आई, चार-सहा महिने याल का हो? कियाराला सवय होईपर्यंत." जनकाबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "पाहू," म्हणाली. रविवारी सकाळी गाडी निघायची होती. ‘पाहू’ हा शब्द उत्तमराव रोज शंभर व्यापाऱ्यांकडून ऐकत. त्याचा अर्थ भाव अजून तुटला नाही एवढाच.

शनिवारी सगळे शेतात हुरडा पाहायला म्हणून निघाले. हुरड्याला अजून वेळ होता, पण मयुरीला पुण्याच्या मैत्रिणींना फोटो पाठवायचे होते. घर रिकामं मिळालं. उत्तमरावांनी जनकाबाईची लोखंडी पेटी ओढली, झाकण उघडलं आणि सवयीप्रमाणे वरच्या साड्यांकडं ढुंकूनही न पाहता हात कोपरापर्यंत आत घातला. कापडाच्या घड्या, डांबरगोळ्या, एक रिकामी अत्तराची बाटली, लहानपणीची देवानंदची टोपी. ते अजून खाली गेले.

"काही सापडलं का?"

जनकाबाई दारात उभी होती. ती अर्ध्या वाटेवरून परत आली होती, पिलाला घरात कोंडलं का सोडलं हे आठवेना म्हणून. पिल्लू तिच्या पायांशीच होतं.

उत्तमरावांचा हात पेटीतच राहिला. काढावा तर चोरी, ठेवावा तर तीही चोरीच.

"आत्याची माळ," ते म्हणाले. चोर सापडला की आवाज चढवतो, तसा त्यांनीही चढवला. "कुठी हाय ती?"

"कोनती माळ?"

"उगा भोळी होऊ नको. कलाबाई म्हने, घेतलं परत. काय घेतलं परत? अन् मांजरीले आत्याचं नाव काऊन?"

जनकाबाई पेटीशेजारी खाली बसली, गुडघ्यावर हात टेकत, सावकाश.

"हात काढा बाहेर," ती म्हणाली. "तळाशी काय हाय ते मीच सांगतो. मांजरीचं नाव आत्याबाईचं नाही. माह्यं हाय."

"तुह्यं?"

"मी माहेरची, वरवट बकालची गुंफा. बापानं ठेवलेलं नाव. लग्नाच्या दिवशी तुमच्या आत्यानं सांगितलं, एका घरात एक गुंफा पुरे, दोन कशाले पायजेत? ताटात तांदूळ पसरले. तुमी अंगठीनं जनका लिहिलं. मी तुमच्या बाजूलेच बसली होती, मुंडावळ्यातून पाहून राह्यली होती. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले. मीच शिजवली."

उत्तमरावांनी हात बाहेर काढला. आठवायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना ताट आठवलं, अंगठी बोटाला घट्ट होत होती ते आठवलं, ‘ज’ काढताना कोणीतरी हसलं तेही आठवलं. त्याच्याआधी नवरीचं काय नाव होतं, ते काही केल्या आठवेना. लग्नपत्रिकेत छापलं असणार. पत्रिका त्यांनीच वाटल्या होत्या.

"मंग तवाच काऊन नाही बोलली?"

"तवा मले कोनी इचारलं?"

"आत्या मेल्यावर तरी सांगायचं."

"कोनाले? तुमी कधी हाकच मारली नाही. ऐकलं का, ऐकलं का. जनका काय अन् गुंफा काय, तुमाले दोन्ही सारखंच बिनकामाचं."

पण अडत्याचा हात तळापर्यंत गेल्याशिवाय राहत नाही. "अन् आताच काऊन आठवलं?"

"मयुरीनं इचारलं. पाडव्याच्या दिवशी, पायाले तेल लावतानी. आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

"हां!" उत्तमरावांना पाय टेकायला जमीन मिळाली. "पाह्य. तिले तू पायजे म्हून इचारलं तिनं. घरची पोरं सांभाळायले. समजत नाही का तुले?"

"समजते ना," जनकाबाई शांतपणे म्हणाली. "तेल लावलं तवाच समजलं. देवानंदनं माठ भरला तवा तर पुरंच समजलं. मी काय अडत्याच्या घरात उगाच राह्यली? पन तिले मी पायजे होती म्हून तिनं निदान एक गोष्ट इचारली. तुमाले तर मी फुकटातच भेटली. तुमी तेवढंही नाही इचारलं."

पिल्लू उघड्या पेटीच्या काठावर चढू पाहत होतं. जनकाबाईनं त्याला उचलून मांडीवर घेतलं.

"मी जायाचं अजून ठरवलं नाही," ती म्हणाली.

आता इथं उत्तमरावांना सौदा समोर दिसत होता. इतका स्वच्छ सौदा त्यांनी बाजारात कधी पाहिला नव्हता. एक शब्द द्यायचा होता, दोन अक्षरांचा. तो दिला की बाई राहते, चहा राहतो, भाकरी राहते, संध्याकाळी ओसरीवर कोणीतरी तांदूळ निवडत राहतं. तो शब्द त्यांच्या जिभेवर आलाही. पण ज्या माणसानं जन्मभर पहिला भाव कधी मान्य केला नाही, तो पेटीत हात सापडल्यावर मान्य करील? त्यांना वाटलं, हीसुद्धा एक युक्तीच. आज नाव घ्यायला लावते, उद्या काय करायला लावील?

"एक गुंफा झाली या घरात," ते म्हणाले. "तेवढी पुरे."

आपण आत्याचेच शब्द बोललो, हे त्यांच्या लक्षात बोलून झाल्यावर आलं. जनकाबाईच्या आधीच आलं होतं. तिनं पिलाला खाली ठेवलं आणि पेटीतल्या साड्या एकेक करून पिशवीत भरायला घेतल्या. पेटी उघडीच होती, त्यामुळे फार वेळ लागला नाही.

रविवारी सकाळी चहाचा पहिला कप उत्तमरावांनी तोंडाला लावला आणि पिल्लू पायात आलं. चहा धोतरावर सांडला. रात्रभराचा राग होताच. तो त्या मुठीएवढ्या जिवावर काढायला सोपा होता. त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलून फेकला. झाडू पिलाला लागला नाही, पण पिल्लू धान्याच्या खोलीत पळालं आणि हरभऱ्याच्या थप्पीमागं जे घुसलं ते घुसलं. देवानंदनं पोती हलवून पाहिली. मयुरीनं टॉर्च लावला. कियारानं जमिनीवर अंग टाकून भोकाड पसरलं. शेवटी देवानंद म्हणाला, "आता निघालो नाही तं रात्र होईल." मग मांजर तसंच राहिलं आणि माणसं गाडीत बसली.

जनकाबाई काचेतून म्हणाली, "साखर निळ्या झाकनाच्या डब्यात. वाटीत दूध ठेवा. अन् ते नुसतं मनी मनी करून येत नाही बरं. त्याले हाकेची सवय लागली."

"येते ना," उत्तमराव म्हणाले. "मांजरच हाय, सरपंच नाही."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. ते आत आले. दुपारी कलाबाईच्या घरून भाजी-भाकरी आली. या खेपेला जावयाला काय पाहिजे, हा विचार करायचंही त्यांना सुचलं नाही. थप्पीसमोर त्यांनी दूध ठेवलं. "मनी, मनी" केलं. मग "पुस पुस" केलं. मग व्यापाऱ्याला बोलावतात तसं "या या, या इकडं" म्हणून पाहिलं. आतून आवाज यायचा, बारीक, चिरका, भुकेजलेला. पण बाहेर कोणी यायचं नाही. आणि पोती हलवायला एकटा माणूस पुरत नव्हता. दिवेलागणीपर्यंत तो आवाज इतका बारीक झाला, की उत्तमराव खोलीच्या दारातून हलेनात.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलो आम्ही," जनकाबाई म्हणाली. "निघालं का ते?"

"नाही."

"हाक मारली का?"

"मारली ना."

"काय म्हून?"

उत्तमरावांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"अवो, लेकरू हाय ते. सकाळपासून उपाशी. मारा हाक. मी फोन ठेवत नाही, कियारा रडून राह्यली, तिले ऐकू द्या."

उत्तमरावांनी कान देऊन ऐकलं. पलीकडं कोणीही रडत नव्हतं. टीव्हीचासुद्धा आवाज नव्हता. सगळं घर कसं गप्प करून ठेवल्यासारखं होतं. त्यांना लबाडी स्पष्ट दिसली. जन्मात पहिल्यांदा, दिसत असूनही, त्यांनी ती धरली नाही.

आधी त्यांनी रस्त्याकडचं दार लोटून घेतलं. मग खिडकी. मग थप्पीसमोर उकिडवे बसले, फोन मांडीवर ठेवला आणि घसा खाकरला.

"गुंफा," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं," मांडीवरून आवाज आला.

"तुले का मांजरीले?"

फोन गप्प राहिला. थप्पीमागंही गप्प.

"गुंफा!" ते ओरडले, बाजारात लिलाव पुकारतात त्या आवाजात. "ये गुंफे, ये. ये माय."

कलाबाईच्या अंगणात कोणीतरी फस्सकन हसलं. लोटलेल्या दाराचा काही उपयोग झाला नव्हता. दोन पोत्यांच्या फटीतून आधी जाळ्यानं भरलेल्या मिशा आल्या, मग बाकीचं पिल्लू, आणि ते सरळ दुधाच्या वाटीकडं गेलं. उत्तमरावांकडं त्यानं पाहिलंही नाही.

"आली," ते म्हणाले.

मग जनकाबाई म्हणाली, "ऐकलं."

"कधी येशील?"

"पाहू," ती म्हणाली.

आता या सगळ्याचा ताळेबंद. मयुरीला सासू मिळाली. कियाराला आजी मिळाली. देवानंदला पुण्यात गरम भाकरी मिळाली, आणि माठही त्याला पुन्हा भरावा लागला नाही. सोसायटीतल्या बायकांना जनकाबाईनं आपलं नाव गुंफाबाई सांगितलं, आणि आता यमुनाबाई नावाची पामेरियन तिला पाहिलं की शेपूट हलवते. मांजरीला घर मिळालं, साय मिळाली. कलाबाईला हसायला मिळालं, गफ्फारभाईला ओट्यावर बोलायला. पैसे देऊन कोणी काही घेतलं नाही, त्यामुळे व्यवहार फुकटात झाला असं लोक म्हणतात. पण ज्याला भरावं लागलं तो रोज सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन अंगणात उभा राहतो आणि बायकोचं नाव गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात पुकारतो. पहिली हाक पुण्याकडं जाते, मांजरीला पोचत नाही. दुसरी मारावीच लागते.